खळ्यातला खड्डा

बायकोच्या दहाव्याला मी लेकीच्या पाठीत काठी घातली. चाळिशीला आलेली लेक, शिकून परदेशात मोठ्या कामाला लागलेली. काठी बोरीची, मेंढरांमागं हिंडायचो तेव्हाची. दोन घातल्या. तिसरी मेव्हण्यानं वरच्यावर धरली.

झालं असं. नदीवरनं शेळगावला घरी आलो. माणसं अंगणात टेकली, तोच लेक म्हणाली, "आबा, मला उद्या निघायला लागंल. चुंबकांचा नकाशा द्यायचाय. त्यावरनं लोखंड कापणार हायेत."

मेव्हणा बोलला, "लेक शेकाची मशीन करती अन् आई शेकानंच करपून गेली. लई शिकली बाई."

हे माझ्याच पोटात होतं. त्यानं बाहेर काढलं अन् माझा हात उठला.

लेक रडली नाही. पदर सारखा केला अन् म्हणाली, "मारा. थांबलासा का? आता जाते ती परत या उंबऱ्यात पाय ठेवायची न्हाय."

बायकोच्या छातीत गाठ होती. बारामतीला शेक, म्हणजे किरणांचा उपचार, चालू होता, रोज एसटीनं जायचो. शेकताना हात डोक्यावर धरून निजायला लागतं. तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. दात खाऊन ती डाव्या हातानं उजवा ओढायची अन् ओरडायची. मी दाराबाहेर बाकड्यावर बसून ऐकायचो. पुढं कातडी सोलून निघाली, पोलक्याला चिकटायची. झळ आत फुफ्फुसापर्यंत गेली.

लेक तेव्हा सुट्टी काढून आली होती. आईनं विचारलं, "तू करतीस तरी काय तिकडं?" लेकीनं सुताराकडनं बाभळीचे आठ तुकडे तासून आणले. आत निमुळते, बाहेर रुंद, कडा तिरक्या. अंगणात बाजेभोवती गोल मांडले. म्हणाली, हे चुंबक. यांचा जोर कमीजास्त करायचा नाही, ठरला तो ठरला. यांच्यामधनं कण फिरवायचा. हळू असतो तेव्हा आतल्या अंगानं फिरतो, वेग धरला की फेरा बाहेर बाहेर सरकतो. पुरता पळाला की त्याला सोडायचा, तो गाठीत जाऊन तिथंच थांबतो. मागचं काही भाजत नाही.

"मळणीगत की," आई म्हणाली. "मधल्या मेढीच्या खांबाजवळ म्हातारा बैल, बाहेर तरणा."

लेक इतकी हसली! ते तुकडे बायकोनं मरेपर्यंत उशाशी ठेवले.

दहाव्याला काठी धरली गेली तसा मी आत गेलो, कुऱ्हाड घेतली अन् ते आठही तुकडे उंबऱ्यावर घालून फोडले. इतके दिवस तिकडं लोखंडाशी खेळत बसली अन् मशीन काही आईपर्यंत आली नाही, असं वरडत फोडले. एक ढलपी उडून माझ्याच भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं तवा थांबलो. माणसं चहा न पिताच गेली.

लेक खाली बसून ढलप्या जुळवायला लागली. रुमाल माझ्याकडं फेकला, बघितलं नाही. मी डोळ्यातलं रक्त पुसलं. मग मीच विचारलं, "कुठं अडलंय तुझं, त्या नकाशात?"

"कण आदळतोय नळीच्या भिंतीवर."

"का?"

"सरळ चालत न्हाय तो. डुलत चालतो. लोखंड कापताना कुठंतरी केसभर चूक राहतीच, तिथं धक्का बसतो. डुलणं अन् फेरा जुळले की दर फेऱ्याला तोच धक्का, त्याच अंगानं. वाढत जातो अन् आदळतो. आतनं बाहेर सरकताना माझा कण नेमका तिथं सापडतोय."

मी म्हणालो, "खड्डा हाय."

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागली.

आमचं खळं या अंगणातच होतं. लेक पाळण्यात होती. ज्वारीची मळणी चालली होती, अन् बाहेरचा बैल दर फेऱ्याला एकाच जागी ठेचाळायचा. मी त्याला आसुडानं फोडून काढला, पाठीवर रक्ताच्या रेघा उठल्या. बायको म्हणाली, "बैलाला काय मारताय, खड्डा बुजवा की." मी तिच्याही कानाखाली एक दिली अन् म्हणालो, तू हाक. पुढच्याच फेऱ्याला बैल गुडघ्यावर आला, दावं तटकन तुटलं, बाकीचे बुजले. ती पायाखाली सापडली. खांदा उखळीतनं निघाला. हाडवैद्यानं बसवला तो तिरपाच बसला.

हे मी लेकीला तिथंच सांगितलं. तिला आईनं सांगितलं होतं, शेवग्यावरनं पडले म्हणून.

"म्हणजे शेकाला हात वर जात नव्हता, तो..."

"व्हय. माझ्यामुळं."

तिनं हातातली ढलपी भिंतीवर फेकून मारली. मग दुसरी, तिसरी. एक माझ्या छातीवर बसली. मी हललो नाही. हातातल्या सरल्यावर दम खात म्हणाली, "माझा खड्डा बुजत न्हाय, आबा. चुंबकाच्या कडा बदलून चालच अशी बांधायची की आत असू दे, बाहेर असू दे, धक्का एका ठेक्यात बसू नये. तुमचा बुजत हुता. एक पाटी मुरूम लागला असता."

सकाळी बारामतीच्या एसटीत बसली. मागं बघितलं नाही.

मी बाभळीचं खोड आणून वाकसानं आठ तुकडे तासले. दोन महिने लागले. आता कड तिरकी धरायची म्हणजे जीव जातो. बाजेभोवती गोल मांडले, मोबाईलवर फोटो काढून लेकीला पाठवला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. "आबा, तिसरा तुकडा उलटा हाय."

उठलो, तो फिरवला, अन् दुसरा फोटो पाठवला.