ब्याऐंशी किलो, चार किलोमीटर

आमच्या गावात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाली असं कुणी धरत नाही. पोरगी नर्सिंगची परीक्षा पास झाली, लागला फ्लेक्स. कुणाचा कोंबडा झुंजीत जिंकला, लागला फ्लेक्स. एकजण दुबईहून सुखरूप परत आला तर त्याच्या सासूनंच लावला. हे सगळे मी छापते. बाजाराच्या तोंडाशी अठरा वर्षं माझं दुकान आहे. प्रत्येक फ्लेक्सवर मेयरचा हसरा चेहरा असतो, आणि पुष्कळदा तो ज्याचं कौतुक त्याच्यापेक्षा मोठा असतो.

या अठरा वर्षांत मनोंग फौस्तोंचा फ्लेक्स मात्र मी कधी छापला नव्हता. थोरल्या माणसाला आम्ही मनोंग म्हणतो, बाईला मनांग. ते सैन्यात कॉर्पोरल होते. अकरा वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या डोंगरातून एक पाय गमावून घरी आले. तेव्हा मीच विचारलं होतं, छापू का? तर म्हणाले, काय लिहिणार, पाय राहिला तिकडे म्हणून? चर्चसमोर मेयरनी भाषण केलं, आणि शाळेमागची पडीक जागा तुमचीच समजा म्हणाले. मनोंगनी समजली. बांबूची झोपडी बांधली, केळी लावल्या, डुक्कर पाळलं. कागद मात्र आला नाही. पेन्शन यायची, ती औषधात आणि तांदळात संपायची. याबद्दल त्यांना कुरकुरताना मी कधी ऐकलं नाही. मला त्याचाही राग यायचा.

शेजारची जोवेलिन त्यांच्या झोपडीमागेच वजनं उचलत वाढली. दुधाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून, मधे लोखंडी नळी घालून, तिचं पहिलं वजन मनोंगनी बनवलं होतं. चौदाव्या वर्षी पोरीला मनिलाच्या शिबिरात नेलं आणि यंदा तिनं आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. मग काय विचारता! सरकारनं लाखो पेसो दिले, एका कंपनीनं गाडी, दुसरीनं जन्मभराचं चिकन. वायुदलानं तर तिला सार्जंट करून टाकलं. मनोंग सतरा वर्षांत कॉर्पोरलच्या वर गेले नव्हते. मी बावीस फ्लेक्स छापले.

मिरवणुकीनंतर स्टेजवर मेयरनी तिला पुठ्ठ्याची हातभर किल्ली दिली आणि जाहीर केलं, की गावातर्फे घर आणि जागा. जागा कुठली? तर शाळेमागची. मनोंग गर्दीत कुबडीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, ते वाजवता वाजवता थांबले. चार दिवसांनी त्यांना निरोप आला, की महिन्याभरात झोपडी हलवा.

जोवेलिनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या पाया पडायला, म्हणजे आमच्या रीतीनं त्यांचा हात कपाळाला लावायला गेली, तेव्हा मनोंग कुंपण सोडवत होते. कारण कळताच ती तडक नगरपालिकेत गेली. कारकुनानं सांगितलं, की बक्षीस दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नको असेल तर जागा गावाकडे परत जाईल. मग मनोंगनाच द्या, ती म्हणाली. त्यावर उत्तर आलं, की खेळात नाव काढणाऱ्याला जागा द्यायचा ठराव आहे, जखमी सैनिकाला द्यायचा नाही.

तिथून ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून रडली. मी तिला थंड कोक दिला. मग विचारलं, पाय नेमका कसा गेला, तुला कधी सांगितलंय का त्यांनी? मला एवढंच माहीत होतं, की पोटरीत छर्रे घुसलेले असताना त्यांनी एका सोबत्याला खांद्यावर घालून डोंगर उतरवला, आणि त्या चालण्यानंच पाय सडला.

"किती वजनाचा होता तो?" तिनं विचारलं. तिचं डोकं किलोतच चालतं.

आम्ही जाऊन मनोंगना विचारलं. भिजलेले कपडे, बूट धरून ब्याऐंशी असेल, ते म्हणाले. वाट चार किलोमीटर. परतताना जोवेलिन मला म्हणाली, "मनांग, मी एकशे एकवीस उचलते, पण पंचानं खूण केली की खाली टाकते. दोन-तीन सेकंदांचा खेळ असतो."

तिथंच माझ्या डोक्यात आलं. या गावाला किलोच वाचता येतात ना, मग किलोच छापू. जोवेलिनच्या फ्लेक्सचाच नमुना घेतला, तिच्या जागी मनोंगचा गणवेशातला फोटो घातला. वर अभिनंदन. खाली: ८२ किलो, ४ किलोमीटर. आणि तळाशी मेयरचा भला मोठा चेहरा: शाळेमागची जागा दिल्याबद्दल आभारी आहोत. जागा कुणी दिली नव्हती, पण मेयरांचा चेहरा छापायला परवानगी लागत नाही, ते कधीच नाही म्हणत नाहीत.

रविवारी प्रार्थनेआधी बाजारात लावला. दुपारपर्यंत अर्धा गाव मनोंगच्या दारात, पार्टी द्या म्हणून. कुठली स्पर्धा, कधी जिंकली, कुणी विचारलं नाही. बिचाऱ्यांनी उधारीवर शेवया आणून गल्लीला पान्सित खाऊ घातलं आणि मला शिव्या घातल्या. मेयरना तर दिवसभर लोक हात मिळवून धन्यवाद देत होते. निवडणूक चार महिन्यांवर होती. पुढच्या आठवड्यात ठराव झाला: रस्त्याकडची जागा जोवेलिनला, शाळेमागची मनोंगना.

कागद द्यायचा कार्यक्रम त्याच स्टेजवर झाला. मेयर कागद हातात धरून उभे. निवेदकानं फ्लेक्सवरूनच वाचून दाखवलं: ज्येष्ठ गटातले आपले विजेते, ब्याऐंशी किलो! टाळ्या पडल्या. मनोंगनी माइक मागितला. कागद अजून मेयरच्याच हातात होता, आणि मनोंग खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

"स्पर्धा नव्हती ती," ते म्हणाले. "माझा सोबती होता. दुसऱ्या किलोमीटरलाच गेला. मला कळलं होतं. पण खाली ठेव म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून नेला पुढे."

जोवेलिन पहिल्या रांगेत ताठ उभी राहिली, तिच्या गळ्यात पदक होतं आणि ते तिनं मुठीत धरलं होतं. मेयरनी घसा साफ केला, कागदाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि काय करणार, दिला.

दुसऱ्या दिवशी मनोंग गुंडाळलेला फ्लेक्स काखेत घेऊन दुकानात आले. मला वाटलं, शिव्यांचा दुसरा हप्ता. पण त्यांनी तो टेबलावर पसरला आणि किलोच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"इथं त्याचं नाव घाल. रामिल बकुलोद."

नाव मोठ्या अक्षरांत बसेना. मी मेयरचा चेहरा काढला, तेव्हा बसलं.