तेलाची पळी आणि पेण-रोह्याचे सोळा दिवस

नऊ जानेवारी. सकाळपासून टेपा तपासत बसले होते. शिवणकामाची टेप वापरून वापरून ताणते आणि छत्तीसची कंबर साडेपस्तीस दाखवते. म्हणून मोठ्या कामाला निघण्याआधी मी प्रत्येक टेप लोखंडी पट्टीला लावून बघते. बारांपैकी तीन ताणलेल्या निघाल्या. त्या कात्रीने मधोमध कापून टाकल्या, म्हणजे चुकून परत पिशवीत जायला नकोत.

कराडला माझं गणवेश शिवण्याचं वर्कशॉप आहे. या खेपेला काम रायगडातलं होतं. आधी पेणजवळ डोलवीला आणि मग रोह्याला, एका ठेकेदाराच्या कामगारांची मापं घ्यायची. सोळा दिवसांचा मुक्काम. एरवी मी खुशीने निघाले असते. या वेळी अडचण होती ती माझ्या स्वतःच्या मापाची.

माझ्या पोटावर हर्निया आहे. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी तिथे ओढल्यासारखं दुखतं आणि पट्टा बांधावा लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन ऐंशीपर्यंत आणा, नाहीतर टाके टिकणार नाहीत. एकदा वजनामुळेच ऑपरेशन पुढे ढकललं होतं. आता परतल्यावर त्यांच्या काट्यावर उभं राहायचं होतं. या वेळीही जमलं नाही तर शाळांच्या गणवेशांचा हंगाम सुरू होणार आणि दिवाळीपर्यंत मी पट्ट्यात.

पाच महिन्यांत मी ब्याण्णववरून साडेएक्याऐंशीवर आले होते. त्यात जादू काही नव्हती. स्वयंपाक मी करत होते आणि तेलाची पळी माझ्या हातात होती, एवढंच. ती पळी आता सोळा दिवस दुसऱ्यांच्या हातात जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पुणे, खोपोली करत एसटीने दुपारी पेणला उतरवलं. लॉजच्या मॅनेजरने माझी पिशवी बघून आधीच सांगितलं, "शेगडी लावायची नाय खोलीत." पिशवीत शेगडी होतीच. ती तशीच पलंगाखाली सरकवली.

संध्याकाळी गावातून चक्कर मारली. गणपतीच्या कारखान्यांत पुढच्या मोसमाचं काम सुरू झालं होतं. न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या. डोळे अजून उघडायचे होते, पोटं मात्र पूर्ण. मी नजरेनेच दोन-तीन मापं घेतली आणि जेवायला गेले.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात दत्ता नावाचा पन्नाशीचा वेटर होता. त्याला म्हटलं, "दोन चपात्या, एक भाजी, आमटी. तळलेलं काही नको."

"ताई, थाळी पूर्णच येते."

"मग भात आणि पापड माघारी ने."

"माघारी न्यायला हरकत नाय. पण मालक इचारतो, जेवण खराब हाय काय?"

"त्याला सांग, जेवण चांगलं आहे, बाई खराब आहे."

दत्ता हसला नाही. त्याने मुदपाकखान्याकडे तोंड करून हाक दिली, "आठ नंबरला पथ्य!" सगळं हॉटेल वळून आठ नंबरकडे बघायला लागलं. त्यानंतर सात दिवस मी तिथे आठ नंबर म्हणूनच जेवले. भाजीवरची तर्री मी रिकाम्या वाटीत निथळून काढायचे. तिसऱ्या दिवसापासून दत्ता ती आतच काढून आणायला लागला. पोह्याचा पापड तळण्याऐवजी भाजून आणायचा. का, कशासाठी, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

डोलवीला मापं घ्यायचं काम शिफ्ट बदलायच्या वेळी व्हायचं. एका पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, समोर रांग. खाडीकडून खारा वारा यायचा आणि कागद उडवायचा. पुरुषमाणसं माप देताना पोट आत ओढतात. मी म्हणते, "श्वास सोडा, पँट तुम्हालाच घालायची आहे."

एक म्हणाला, "मॅडम, दोन इंच जास्ती धरा. लग्न ठरलंय."

"लग्नाने कंबर वाढते?"

मागून कोणीतरी बोललं, "लग्नाने नाय, सासुरवाडीने!"

त्या रांगेत गागोदे बुद्रुकचे एक काका होते. वय पंचावन्नच्या पुढे, कंबर अठ्ठावीस. इतकी बारीक कंबर मी शाळेच्या गणवेशांत लिहिते. मी टेप दोनदा लावून बघितली.

"काका, सकाळी काय खाता?"

"पेज." (पातळ शिजवलेला भात, मीठ घालून पितात.)

"दुपारी?"

"भात."

"रात्री?"

"भातच. आन् वाल."

"मग कंबर अठ्ठावीस कशी?"

"शिफ्टला यायच्या आदी दोन तास वालात वाकलेला असतो मी. तुमी या चार दिस, तुमची पण व्हईल."

पुढचं नाव लिहिताना मी मनात नोंद केली, की हा उपाय आपल्या कामाचा नाही. हर्नियाला वाकणं चालत नाही.

पेणचा मुक्काम संपला तेव्हा माझी कंबर जागची हलली नव्हती. कमी नाही, जास्त नाही. हॉटेलात सात दिवस काढून एवढं म्हणजे बरंच. आता पुढे रोहा होतं आणि तिथे तर घरगुती जेवण. ठेकेदाराच्या ओळखीने अष्टमीत एका घरी खोली मिळाली होती. उरलेलं वजन तिथेच उतरेल, असा माझा हिशेब होता.

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. जानेवारीत नदी शांत असते, काठावर कपडे वाळत असतात. पुलाच्या अलीकडे माझं काम आणि पलीकडे जेवण. घर सुमनताईंचं. माझ्याच वयाच्या. नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी लग्न होऊन गेलेली. बाई हसतमुख, हात भरभर चालणारा.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "सुमनताई, मला वजन कमी करायचंय. भात नको. तेल जेवणाला एक चमचा."

"व्हय. जसं सांगाल तसं."

ऑपरेशनचं बोलले नाही. परक्या घरी पोटाची कहाणी कशाला, असं वाटलं.

आणि जेवण सुंदर होतं. बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ), पांढरीशुभ्र मऊ भाकरी, सकाळी घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं). ताटात भाताचं शीत नाही. रश्श्यावर तेलाचा तवंग नाही. पहिल्यांदाच मला बाहेरगावी पोटभर जेवून अपराधी वाटलं नाही. "आणखी एक घ्या" असं त्या दोनदा म्हणायच्या, तिसऱ्यांदा भाकरी ताटातच पडायची. दत्ताला मी माघारी पाठवलं होतं. घरच्या माणसाला कसं पाठवायचं? मी खात गेले.

पाचव्या दिवशी सकाळी टेप लावली. कंबर पाऊण इंच वाढली होती. टेपेचा दोष म्हणावा तर ताणलेली टेप इंच कमी दाखवते, जास्त नाही. तरी खात्री म्हणून अष्टमीच्या भातगिरणीत गेले. तिथे पोती तोलायचा काटा होता. गिरणीवाला म्हणाला, "उभ्या रहा, ताई, पण हलू नका. पोती हालत नायत." काटा ब्याऐंशी आणि वर थोडं दाखवत थांबला. गिरणीवाल्याने आकडा मोठ्याने वाचला. दळणाला आलेल्या दोघींनी तो ऐकला.

तिथून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. इतके दिवस सुमनताईंनी मला तिथे पाऊल ठेवू दिलं नव्हतं. पाटा-वरवंट्यापाशी ओल्या नारळाचं वाटण पडलं होतं. एवढं, की मला वाटलं घरात कोणाचं बारसं आहे.

"हे कशाला?"

"बिरड्याला. तुमचंच बिरडं."

"सुमनताई, मी तेल नको म्हटलं होतं."

"मग घातलंय कुठं? एक चमचा. देवाशप्पथ. बरणी बघा."

"आणि हा अख्खा नारळ?"

"नारळ काय तेल हाय?" त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "तेल येगळं, नारळ येगळा."

"आणि भाकरी? ती तांदळाचीच ना? घावन तांदळाचे. काल सकाळचे पोहे?"

"भात नको म्हणालात, भात नाय दिला. एक शीत नाय. भाकरी म्हणजे भाकरी, ताई."

मी तिथल्या मोढ्यावर (बुटकं स्टूल) बसले. त्यांचं चुकलंही नव्हतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारी. पाच दिवस पांढरी भाकरी खाताना मीसुद्धा तिला भाकरीच समजत होते. मापं घेणारी बाई मी, पुढ्यात काय आलंय ते मोजायचं राहून गेलं. दत्ताच्या ताटातला प्रत्येक जिन्नस मी तपासला होता, कारण हॉटेलवर माझा विश्वास नव्हता. इथे घर म्हटल्यावर डोळे मिटले.

मग ऑपरेशनचं सगळं सांगितलं. पट्टा दाखवला. सुमनताईंनी वरवंटा खाली ठेवला.

"ह्ये आदी सांगायचं ना! मला वाटलं, बारीक व्हायची हौस हाय. हौसेपायी कोण कुणाला उपाशी ठेवतं? माज्या घरातून बाई सुकून गेली तर पुलापलीकडचे काय बोलतील?"

"आणि जाडी होऊन गेली तर?"

"तर म्हणतील, सुमनकडे चांगलं जेवली."

तेव्हा मला कळलं, की पाऊण इंच त्यांनी माझ्या कमरेवर नाही, आपल्या नावावर चढवला होता.

त्या दिवसापासून मोढा माझा झाला. रोह्याच्या बाजारातून ज्वारीचं पीठ आणलं. माझी भाकरी मी थापायची आणि वाल त्यांनी शिजवायचे. नारळ किती, ते मी बघायचं. तीन बोटांच्या चिमटीवर आम्ही तडजोड केली. त्या चिमटी घ्यायच्या, मी बघायचे, मग त्या थोडा नारळ माघारी टाकायच्या. "पोलीसच आणून बसवलाय घरात," असं म्हणायच्या. पण ताटात तिसरी भाकरी पडणं थांबलं.

रविवारी त्या मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात वाल उभे होते. त्यांची आई बांधावर बसून शेंगा तोडत होती. मला बघून म्हणाली, "ही काय गो, सुमन? हिला तर चांगलं अंग हाय. आजारी कुठं दिसते?"

"हाय गो आई, पोटाचं ऑपरेशन हाय तिचं. आज पोपटी लाव."

पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मडक्यात भांबुर्डीचा पाला (रानात उगवतो, वास उग्र) अंथरला. त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधेमधे अंडी आणि कोनफळाचे तुकडे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घातलं आणि पेंढा, काटक्या रचून पेटवलं. ऊन उतरत होतं. अर्ध्या तासाने म्हातारीने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. पाणी चर्र करून उडून गेलं. "झाली," ती म्हणाली.

केळीच्या पानावर सगळं ओतलं. पाणी नाही, तेल नाही, नारळ नाही. मी पोटभर खाल्लं.

सुमनताई बघत होत्या. "आता का नाय मोजत?"

"यात मोजायला तुम्ही काही घातलंच नाही."

"आई, ऐकलंस? इतके दिस राबले मी, आन् नाव झालं तुज्या मडक्याचं!"

निघायच्या दिवशी पुन्हा गिरणीत गेलो, दोघी. काटा साडेऐंशीवर थांबला. अर्धा किलो राहिलाच होता. गिरणीवाला म्हणाला, "पोतं जरा सैल झालं, ताई." सुमनताईंनी त्याला तिथेच झाडलं. मग घरी येऊन एका डब्यात सोललेले वाल भरून दिले. नारळ दिला नाही. हात दोनदा त्याच्याकडे गेलेला मी पाहिला.

परतीच्या प्रवासात उपमा, वडा, चहा असं काही घेतलं नाही. दोन ज्वारीच्या भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. एसटीत एक गोष्ट पक्की झाली. हॉटेल वाईट आणि घर चांगलं, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. तसं ते नाही. दत्ता मला ओळखत नव्हता, म्हणून मी सांगितलं तेवढंच त्याने केलं. सुमनताईंना माझी काळजी होती, म्हणून त्यांनी जास्त केलं. आणि दोघांनाही मी अर्धंच सांगितलं होतं.

संध्याकाळी स्टँडवरून तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या काट्यावर ऐंशी आणि चारशे ग्रॅम.

"चालेल," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी करू. नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही. कणीक मळणं, भाकरी थापणं बंद. घरी स्वयंपाक कोण करणार? वजन पुन्हा चढता कामा नये."

हे मी धरलंच नव्हतं. घरात आम्ही दोघंच. यजमानांना चहाखेरीज काही येत नाही. तोही उतू जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांना उठवून ओट्यापाशी उभं केलं. ज्वारीचं पीठ, परात, अष्टमीचे वाल आणि तेलाची बरणी समोर मांडली. पोट मोकळं करून टाके कुठे पडणार ते दाखवलं आणि ते कशाने सुटतात तेही सांगितलं. मग पळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. म्हणाले, "मी पोहे करू का? ते सोपे असतात."

"पोहे म्हणजे भात," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून समोर बसले.