तीनऐवजी दोन

बाईंनी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि एकही मूल नापास केलं नाही. काठावरच्या पोराला इकडचे-तिकडचे दोन-तीन गुण जोडून त्या वरच्या वर्गात ढकलत. "माझ्या पदरचं काय जातं?" असं म्हणत. शाळा बंद पडल्यावर त्या एका इस्पितळाच्या संशोधनात मुलाखती घ्यायला लागल्या, आणि तिथेही सगळे त्यांना बाईच म्हणू लागले.

काम असं, की ज्या घरात एकाला स्किझोफ्रेनिया झालाय, तिथल्या धाकट्या भावंडांना दर सहा महिन्यांनी भेटायचं. झोप लागते का, माणसं नकोशी होतात का, कोणी आपल्याविषयी बोलतंय असं वाटतं का, असे एकोणीस प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. कुठेही तीन किंवा जास्त पडले की त्या मुलाला दवाखान्यात बोलवायचं, आणि मग दर आठवड्याला कोणीतरी त्याची गाठ घ्यायची. आजार पुरता अंगात भिनण्याआधी त्याची पावलं ओळखू येतात का, हे मोठ्या डॉक्टरांना शोधायचं होतं.

चिमणी त्यातलीच एक. वय एकोणीस, चष्म्याचा नंबर काढण्याचा कोर्स करत होती. आई लाँड्रीत इस्त्री करायची, थोरला भाऊ दोन वर्षं आजारी. अखंड चिवचिवाट करते म्हणून तिला घरात चिमणी म्हणत. पहिल्या तीन भेटींत तर प्रश्न विचारायलाच बाईंना फट सापडेना.

चौथ्या भेटीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"शेजारचं शिलाई मशीन माझं नाव घेतं, बाई," ती म्हणाली. "रोज नाही. दुपारचं."

"म्हणजे आवाज तसा वाटतो?"

"मशीन नाव कसं घेईल, कळतं मला. पण घेतं."

"खात्री किती? शंभरात?"

तिने बराच वेळ विचार केला. "चाळीस. मागच्या महिन्यात दहा होती."

बाईंचं पेन तीनच्या चौकटीवर टेकलंही. तेवढ्यात दारात उभी असलेली आई आत आली. इस्त्रीच्या वाफेने तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"बाई, एकाच्या कपाळी आलं तेवढं पुरे झालं हो," ती हळूच म्हणाली. "हिला नका त्या फाइलीत घालू. परीक्षा तोंडावर आहे. एकदा का दवाखान्याचा शिक्का बसला की संपलं."

बाईंना त्या माउलीची दया आली. त्या चिमणीकडे वळल्या. "अगं, अभ्यासाच्या ताणाने होतं असं. मलासुद्धा कुकरच्या शिट्टीत फोन वाजल्याचा भास होतो." आणि त्यांनी दोनच्या चौकटीत खूण केली.

पुढच्या खेपेला बाईंनी फोन केला, तेव्हा आई म्हणाली, पोरगी क्लासला गेलीय. बाईंनी फोनवरच आईला विचारून फॉर्म भरला. त्यानंतर चार महिन्यांनी इस्पितळाच्या वॉर्डातून निरोप आला, चिमणीला दाखल केलंय. आई थोरल्याला घेऊन दूरच्या इस्पितळात गेली होती. मागे चिमणीने घरातल्या विजेच्या तारा कापल्या, खिडक्यांना चादरी ठोकल्या आणि कडी लावून घेतली. नवव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं.

बाई जुना फॉर्म घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "इथे तीन होते. मी दोन लिहिले."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच बाईंना जड गेलं. "दोन पुसून टाकू नका," ते म्हणाले. "त्यावर आडवी रेघ मारा, शेजारी तीन लिहा, आजची तारीख टाका, सही करा."

बाईंनी सही केली. मग विचारलं, "तीन लिहिले असते तर ती बरी राहिली असती?"

"ते मला सांगता येणार नाही. तीन आलेल्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे काहीच होत नाही, आणि काहींना आपण डोळ्यांत तेल घालून बसलो तरी होतं." त्यांनी फॉर्म फाइलीत लावला. "पण नऊ दिवस एकटी राहिली नसती. आठवड्याला कोणीतरी दार वाजवलं असतं."

बाई तिथून थेट लाँड्रीत गेल्या. आईने इस्त्री बाजूला ठेवली आणि त्यांचं बोलणं निम्म्यातच तोडलं. "तुमचा काय दोष? मीच पदर पसरला ना तुमच्यापुढे!" "पदर कोणीही पसरेल, पेन माझ्या हातात होतं." "मी आई आहे तिची!" दोघींची अगदी जुंपली. शेवटी धुतलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर टेकून दोघीही रडल्या.

औषधांनी चिमणी सावरली, पण सावकाश. कोर्स एका वर्षाने पुरा झाला; एका चष्म्याच्या दुकानात ती अर्धा दिवस जाऊ लागली. बोलायची मोजकंच. पुढच्या मुलाखतीला बाई गेल्या तेव्हा, त्यांनी वही उघडायच्या आत तिनेच विचारलं,

"मशीनचं मी तुम्हाला सांगितलं होतं. लिहिलं होतंत ना?"

"लिहिलं. पण कमी करून लिहिलं."

चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणाला होतात, तुम्हालाही ऐकू येतं. मला वाटलं, सगळ्यांनाच येत असेल. म्हणून मग मी कोणाला सांगितलं नाही."

बाईंनी न उघडलेली वही बाजूला ठेवली.

"पुढच्या वेळी दुसरं कोणी आलं तर चालेल?" चिमणीने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"चालेल," बाई म्हणाल्या.

तिची फाइल मुलाखती घेणाऱ्या एका नव्या मुलीकडे गेली. "हिच्याबद्दल काही सांगायचंय?" तिने विचारलं.

"खरं बोलते," बाई म्हणाल्या. "म्हणेल तसंच उतरवून घे. आणि तिला धीर द्यायला जाऊ नकोस."

नवी मुलगी जरा गोंधळली. तिला समजावून सांगायचं म्हणून बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पण बाहेर पुढचं कुटुंब येऊन बसलं होतं, त्यामुळे ते राहूनच गेलं.