बाजारातून परतलेल्या कोंबड्या

हमीदाबी गेल्याचा निरोप मला अकोल्याच्या बाजारात मिळाला. दिवस कलला होता, डालग्यात सहा कोंबड्या उरल्या होत्या आणि एक खाणावळवाला निम्म्या भावाला मागून माझ्याकडे बघत हसत उभा होता. चांदूर रेल्वेहून आलेला ओळखीचा हमाल जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, बुढी गेली. सकाळीच." ... मी खाणावळवाल्याच्या भावात कोंबड्या दिल्या आणि स्टेशन गाठलं. पोचलो तेव्हा दफन आटोपलं होतं. त्या निम्म्या भावाचा राग मला अजून आहे. तो खाणावळवाल्यावर नाही, हमीदाबीवर आहे.

मी माळ्याच्या घरचा. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सुरुवात केली, मग अंडी, मग कोंबड्या. माझं राजापेठेतलं दुकान कोणी मला आंदण दिलेलं नाही. हमीदाबी चांदूरची, नवऱ्यामागे एकटीनं कोंबड्या पाळणारी. तिनं वाढवायच्या, मी विकायच्या, अशी आमची भागी. लढाई सुरू झाली, लष्कराच्या छावण्यांना अंडी कमी पडू लागली, आणि तिच्या छपराखाली पाचाच्या दोनशे कोंबड्या झाल्या. अंगणात पाच फिरत असतात तेव्हा एक मेली तर एकच मरते. दोनशे एका छपराखाली बसल्या की हिशेब बदलतो, हे आम्हा व्यापाऱ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात नव्हतं. बाजारात उरलेल्या कोंबड्या परत नेऊन खुराड्यात सोडायच्या, हीच सगळ्या वऱ्हाडाची रीत. परत न्यायची तयारी असेल तरच भाव टिकतो.

अशाच एकदा नऊ उरल्या, त्या घेऊन मी तिच्या फाटकाशी गेलो. ती आडवी उभी राहिली.

"ह्या आत नाही यायच्या, भाऊ."

"काहून? तुह्याच हायेत ना!"

"सकाळी माह्या होत्या. दिवसभर साऱ्या मुलखाच्या कोंबड्यांसंगं बसून आल्या. आता कोणाच्या हायेत, मले काय मालूम?"

"परत नेता येत नाही हे कळलं, तर गिऱ्हाईक मले संध्याकाळी सोलून काढते! समजते का तुले?"

"सोलू दे. तू सोलला गेला तर मरत नाही. ह्या मरतात."

अंडी घ्यायला आलेल्या दोघी बाया पदर तोंडावर धरून हसल्या. हमीदाबीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दिवस मोजता येत होते. नवरा असताना तिचं खुराडं दोनदा रिकामं झालं होतं, आणि दोन्ही वेळा बाजारानंतरच्या चौथ्या दिवसापासून.

मी रागानं त्या नऊ कोंबड्या राजापेठेतल्या माझ्या खुराड्यात सोडल्या. चौथ्या दिवशी सकाळी दोन कोंबड्या बसायच्या दांडीखाली मरून पडल्या होत्या, तुरे जांभळे. बाकीच्यांना हिरवी हगवण. मेलेल्या मी मागच्या उकिरड्यावर फेकल्या. आठवड्यात खुराडं साफ झालं. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, कोंबड्यांची पटकी आहे, जंतूचा रोग. धडधाकट दिसणारी कोंबडीही तो घेऊन फिरते. डालग्याला, चपलेच्या तळव्याला चिकटून येतो, उकिरड्यावरच्या उंदरांबरोबर येतो. मग त्यांनी विचारलं, "बाजारातून काही परत आणलं होतं?" मी म्हणालो, नाही... हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

छावणीला अंडी द्यायचा शब्द गेला होता, म्हणून नाक मुठीत धरून चांदूरला गेलो. टोमणा येणार म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ती फक्त म्हणाली, "चपला बाहेर काढ. डालगं बी बाहेर. अन् राजापेठेचे कपडे बदलून उद्या ये." दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत लाकडी खडावांचे दोन जोड होते, एक तिचा, एक माझ्या मापाचा. नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवायची, बाजारातली परत आणायची नाही. मी आरडाओरडा केला आणि कबूल झालो. पुढं आसपासची खुराडी कितीदा रिकामी झाली. तिचं एकदाही नाही. आणि दर बाजारी संध्याकाळी मी सोलला गेलो.

गेल्या बाजारी तीन उरल्या. भाव ऐकून डोकं फिरलं आणि मी त्या उचलून थेट चांदूर गाठलं. हमीदाबीच्या सुनेनं, जुबेदानं फाटक उघडलं. "आणा चाचा, सोडा आत. अम्मी होत्या तवा होत्या. तुमी किती दिवस नुकसान सोसान?"

तिच्या पायांमागे खडावांचे दोन्ही जोड ठेवलेले होते. हमीदाबीच्या खडावांवर धूळ बसली होती.

"तुह्या सासूनं मले इतके वर्स सोलून घ्यायले लावलं," मी ओरडलो, "ते फुकट घालवू? लाव फाटक!"

स्टेशनावरच्या चहावाल्यानं त्या तिघींचा सांगितलेला भाव ऐकून मला हमीदाबीवर पुन्हा संताप आला. दिल्या. घरी गेलो, अंघोळ केली, कपडे बदलले. दुसऱ्या दिवशी तिच्या फाटकाबाहेर चपला काढल्या, आतल्या माझ्या खडावा घातल्या, तिच्या जोडावरची धूळ पुसून तो होता तिथंच ठेवला, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो.