रक्त जातंय कुठं

निपाणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रक्त तपासायची एक लहानशी लॅब आहे. समता तिथं अकरा वर्षं काम करते. तिचा हात हलका. आसपासच्या खेड्यांतल्या बायका आत डोकावून विचारतात, "त्या ताई हायत काय? त्यांची सुई कळत न्हाय." ती नसली तर काही जणी उद्या येतो म्हणून परत जातात.

तिची आई तानीबाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तीस वर्षं ती तंबाखूच्या वखारीत पाला चाळायला जायची. त्या धुळीतच तिनं दोन्ही पोरं शिकवली. धाकटा बुद्धप्रिय बेळगावात बँकेत लागला. समताचं लग्न काही जमलं नाही, पुढं तिनं तो विषयच काढू दिला नाही. मायलेकी दोघीच राहत होत्या.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तानीबाई पाण्याची बादली घेऊन येताना मध्येच खाली बसली. समता कामावरून आली तेव्हा ती अजून तिथंच भिंतीला टेकून होती. समतानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक. नखं बघितली, ती चपटी होऊन मधे खोलगट झाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच आईचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ; बाईचं बारा तरी हवं.

नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. समताला त्यात नवीन काही वाटलं नाही. असे रिपोर्ट ती रोज दहा-बारा जणींच्या हातात देत होती. आयुष्यभर अर्धपोटी राबलेल्या बायका, रक्त कमी असायचंच. आता आपल्याला कळतंय, आपण ते वाढवू, असं तिनं ठरवलं आणि मनापासून केलं. गोळी उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. गोळीच्या पुढंमागं दोन तास चहा नाही. शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, गुळासंगं फुटाणे, रविवारी बकऱ्याचं काळीज.

"च्या नसंल तर माणसानं जगावं कशाला?" तानीबाई कुरकुरायची. पण लेकीचं ऐकायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती हळूच म्हणाली, "समे, संडासला काळं व्हतंय गं. डांबरावानी."

"गोळीनं होतंय आई. लोहाची गोळी खाल्ली की सगळ्यांनाच होतंय. भिऊ नको."

हे खोटं नव्हतं. लॅबमध्ये विचारणाऱ्या प्रत्येक बाईला ती हेच सांगायची.

तीन महिन्यांनी आकडा नऊ पॉइंट सहावर गेला. तानीबाई परत दारातल्या झाडांना पाणी घालू लागली, गल्लीत गप्पा मारायला जाऊ लागली. कोर्स संपला, गोळ्या बंद झाल्या. सहा महिन्यांत रक्त पुन्हा सातावर आलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, अन्न अंगी लागत नाही. परत गोळ्या. परत थोडं वर, परत खाली.

मधेच तिची भूक गेली. अर्ध्या भाकरीत पोट भरलं म्हणायची. समताला वाटलं, गोळ्यांनी पोट बिघडतंच. पोलकी ढगळ झाली. समताला वाटलं, खाणं कमी झालंय, म्हणून. प्रत्येक गोष्टीला तिच्याजवळ उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरं असायचंच.

यंदा जानेवारीत तानीबाई उंबऱ्यातच कोसळली. आकडा आला पाच पॉइंट दोन. समतानं तोच नमुना तीन वेळा मशीनला लावला. मग गाडी ठरवून बेळगावला निघाली. संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धरला होता. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. आईचं डोकं मांडीवर घेऊन ती मनगटावर नाडी मोजत बसली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, शौचाला काळं किती दिवसांपासून होतंय? समता कन्नडमध्येच म्हणाली, गोळ्या सुरू झाल्यापासून. आणि बोलता बोलता थांबली. आईकडं वळून तिनं विचारलं, "आई, मधी गोळ्या बंद होत्या. तेव्हा पण काळंच होत होतं काय?"

"व्हय की."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"तूच म्हणालतीस न्हवं, गोळीनं व्हतंय म्हणून. मग परत परत काय सांगायचं?"

पोटात रक्त झिरपलं की तेही बाहेर पडताना डांबरासारखंच दिसतं. समता हे शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं.

रक्त चढवायचं होतं. रक्तपेढीत समतानं स्वतःचा हात पुढं केला. तिथल्या मुलीनं बोट टोचून बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमचंच कमी आहे. दहा पॉइंट चार. तुमचं घेता येणार नाही." अकरा वर्षांत तिनं स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. बुद्धप्रियनं रक्त दिलं.

दुर्बीण घालून बघितल्यावर जठरात गाठ सापडली. तिथूनच रक्त जात होतं. लिव्हरपर्यंत पसरलेली होती. डॉक्टर शांतपणे बोलले, "पाळी थांबून वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी झालं, तर ते जातंय कुठं हे आधी शोधायला लागतं. रक्त कमी असणं हा आजार नव्हे, आत काहीतरी चाललंय त्याची ती खूण. दोन वर्षांपूर्वी जर..."

तानीबाईला घरी आणलं. समतानं रजा टाकली. आता चहाला बंदी नव्हती, पण दोन घोटांवर तो जात नव्हता. चौदा एप्रिलला गल्लीतून मिरवणूक निघाली. दर वर्षी पांढरं लुगडं नेसून पुढं चालणारी बाई खाटेवर तोंड भिंतीकडं करून पडून राहिली. आठव्या दिवशी ती गेली.

भेटायला आलेल्यांत वखारीतली जोडीदारीण मालुबाई होती. ती समताचा हात धरून रडली आणि सांगून बसली, "म्या दोनदा म्हणालतो तिला, तानाक्का, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून ये. तर म्हणायची, माझी लेकच रक्ताची मास्तरीण हाय, मला कशाला पायजे मोठा दवाखाना?"

समतानं हात तेवढा सोडवून घेतला.

पंधरा दिवसांनी ती कामावर गेली. मे महिन्यात एक पन्नाशी उलटलेली बाई आली, रक्त सात पॉइंट एक. समता तिला बाजूला घेऊन बराच वेळ समजावत राहिली. नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त कुठं जातंय, ते बघायला सांगा डॉक्टरांना. बाई मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "व्हय ताई. पर गोळी कुठली चांगली, ते तेवढं सांगा." थोड्या वेळानं समोरच्या मेडिकलातून ती लाल टॉनिकची बाटली घेऊन बाहेर पडताना दिसली. परत आली नाही.

समताला पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं, हे तिनं बेळगावच्या डॉक्टरांना ओझरतं सांगितलं होतं. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली आहे. बुद्धप्रिय दर रविवारी फोन करतो.

"आक्का, दाखवलंस काय?"

"जातो रं या आठवड्यात."

जुलै संपत आला. ती अजून गेलेली नाही. लॅबला सुट्टी असली की दार लावून घरातच पडून राहते. जिना चढताना आताशा तिलाही मधे थांबायला लागतं.