भिंतीतलं भगदाड

पोस्टमन बत्तीस वर्षं एकाच बीटवर, वाटपाच्या ठरलेल्या फेरीवर, चालत होता. टपाल तो पत्त्याप्रमाणे लावत नसे, पायांप्रमाणे लावी: आधी कुठलं दार लागतं, मग कुठलं. जुन्या भागात कुठल्याही बोळात शिरलं तरी माणूस दुसऱ्या टोकाला बाहेर पडे. मग शहर पसरलं. नव्या वसाहतींना एकच तोंड. उंदराच्या सापळ्यालाही एकच असतं, असं त्याचं मत.

अशाच वसाहतीत त्याने मुलगी दिली होती. त्याचं घर आणि वसाहत यांच्या मधल्या भिंतीला भगदाड होतं, म्हणून तिचं घर चाळीस पावलांवर. नाहीतर फाटकाने अडीच किलोमीटर. दिवसभराच्या फेरीनंतर त्याच्या गुडघ्याला तेवढी मजल झेपणारी नव्हती.

वसाहतीने भगदाड बुजवायला नगरपालिकेकडे परवानगी मागितल्याचं कानावर आलं, आणि त्याच आठवड्यात कपाटातली त्याची जुनी बीटवही नाहीशी झाली.

"जावयाने नेली," तो बायकोला म्हणाला. "तिच्यात ही वाट लिहिलीय. पुरावाच नको!"

"अहो, तो नुसता चहा पिऊन गेला."

"दोन कप. एरवी एकच घेतो."

"मग द्या पोलिसात. साखरही जास्त घेतली म्हणावं."

मंगळवारी त्याच्या थैलीत वसाहतीच्या अध्यक्षांच्या नावाचं नगरपालिकेचं रजिस्टर पत्र आलं. परवानगीच असणार. एक दिवस दाबून ठेवावं, असं मनात आलं, नाही असं नाही. पण बत्तीस वर्षांत त्याने वाईट बातमीसुद्धा उशिरा पोचवली नव्हती.

अध्यक्षांनी सही केली, पत्र फोडलं आणि तोंड कडू केलं.

"ही तुमच्या जावयाची करामत! म्हणे भिंतीआधीपासूनची वहिवाट आहे, बुजवता येणार नाही. वर तुमच्या वहीची नक्कल: 'विहिरीवरून पलीकडे. कुत्रा चावरा.'"

अक्षर त्याचंच होतं.

तो भगदाडातून थेट मुलीकडे गेला. जावयाने वही पुढे केली. "बाबा, मागितली असती तर दिली असतीत?"

"नसती," पोस्टमन म्हणाला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "फिटला ना संशय?"

"वहीचा फिटला. पण माझ्या गुडघ्यासाठी त्याने एवढी धावपळ का करावी?"

तेवढ्यात भगदाडातून जावई येताना दिसला. हातात रिकामा डबा होता.

"आई, आजही भाजी उरलीय का?"

पोस्टमनने आधी डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.