राघोमामांचं जाळं

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीची खिडकी बास्केटबॉलच्या कोर्टवर उघडते, आणि ही गोष्ट मला गेली एकोणीस वर्षं मान्य नाही. चेंडू सिमेंटवर आपटला की माझ्या टेबलावरच्या पेन्सिली हलतात. कोर्ट तिथून हलवावं म्हणून मी दर जूनमध्ये प्राचार्यांना अर्ज द्यायचे. तो ऑफिसात पोचवायचं काम जिमखान्याचे शिपाई राघोमामा करायचे. वाटेत तो वाचायचे आणि परत येऊन सांगायचे, "म्याडम, औंदा लय कडक लिवलंय. पन कोर्ट काय हलनार न्हाय."

मामा खाडीकाठच्या कशेळी गावचे. अंगाने काटकुळे, पण आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा. वडील खाडीत जाळं टाकायचे. पुढे तिथे गोदामं उभी राहिली, रस्त्याला कंटेनरच्या रांगा लागल्या, मासळी आटली, आणि एकोणतीस वर्षांपूर्वी मामा आमच्याकडे शिपाई म्हणून लागले. कोर्ट त्यांच्या वाट्याला आलं. त्याआधी त्यांनी बास्केटबॉल डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण हातात घेतलेलं काम उरकून टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. पहाटे साडेपाचला कोर्ट झाडून तयार असायचं. वर्षातून दोनदा रेघा रंगवायचे, त्याही दोरी धरून. काही पोरं रात्रीची शिफ्ट संपवून थेट सरावाला यायची, कुणी कापडाच्या लूमवरून, कुणी गोदामातून. त्यांच्यासाठी मामांच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या असायच्या. स्वतः मामा काय खायचे ते मला कधी कळलं नाही.

ते लागले त्याच वर्षी पावसाळ्यात दोन्ही रिंगांची जाळी कुजून गळून पडली. नवीन आणायची म्हणजे तीन दुकानांची कोटेशन, खरेदी समिती आणि समितीचा चहा. मामा म्हणाले, "जालं? त्याला दुकानात कशाला जावा लागतंय?" आणि नायलॉनची दोरी आणून दोन दिवसांत दोन जाळी विणून मोकळे झाले. वडिलांनी शिकवलं होतं तशीच विणली. वर तोंड रुंद, खाली निमुळतं, गाठ पक्की. आत आलेलं बाहेर जाता कामा नये, ही जाळ्याची पहिली अट.

त्यामुळे चेंडू रिंगमधून आत जायचा आणि तिथेच बसून राहायचा.

त्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तेव्हाच्या प्राचार्यांनी म्हणे जाळं ओढून पाहिलं आणि सगळ्यांसमोर मामांची पाठ थोपटली, "वा! असं काम बाजारात मिळायचं नाही." ते तसं खरंच होतं. खेळाचे सर क्रिकेटवाले, त्यांना बास्केटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. मग एक रिवाजच पडला. बास्केट झालं की पोरं ओरडणार, "मामाऽऽ!" मामा बांबू घेऊन येणार, खालून ढोसणार, चेंडू टपकन खाली. तेवढ्यात कुणी लेस बांधून घ्यायचा, कुणी पाणी प्यायचा, कुणी जुनं भांडण उकरून काढायचा. कोर्ट उघड्यावरचं असल्याने आमच्याकडे सामने होत नसत, त्यामुळे बाहेरच्या कुणी हा प्रकार पाहिला नाही. मोबाईलवर परदेशी सामने बघणारी पोरंही मामांना काही बोलली नाहीत. ज्याची भाकरी खाल्ली त्याचं जाळं चुकलंय हे कोणत्या तोंडाने सांगणार?

टीम मात्र दर वर्षी बाहेर जाऊन हरून यायची. कारणं पाठ होती. समोरचे उंच होते, जमीन लाकडाची होती, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून पाय आखडले. मामांचं निदान एकच, "पोरांना दिष्ट लागते." ते टीमच्या बॅगेला लिंबू-मिरची बांधायचे. बॅगेतल्या टॉवेलांना त्याचा वास लागायचा, एवढाच त्याचा उपयोग.

गेल्या थंडीत हरेश आला. आमचाच जुना विद्यार्थी, मामांच्याच भाकरीवर वाढलेला, आता एका गोदामात सुपरवायझर. ड्युटीच्या आधी दोन तास पोरांना फुकट शिकवतो म्हणाला. पाच सामन्यांची साखळी होती. पहिला सामना तीस गुणांनी गेला, दुसरा बावीसने. दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश मोबाईल घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"आसावरीम्याडम, जरा हे बघा. हे आपलं बास्केट. आता पुढे बघा."

मी बघितलं. चेंडू जाळीतून सुळकन खाली आला. समोरच्या पोराने तो उचलला, बाहेरून आत फेकला, दुसऱ्याने पळत जाऊन आमच्यावर बास्केट केलं. आणि तेवढा वेळ आमची पाचही पोरं कमरेवर हात ठेवून वर रिंगकडे बघत उभी होती. कॅप्टन दीपेश तर लेस बांधत होता.

"अशी चौदा बास्केट खाल्ली," हरेश म्हणाला.

मी पोट धरून हसले. मग खिडकीतून बाहेर नजर गेली. मामा बांबू घेऊन रिंगखाली चालले होते. माझं हसणं तिथेच थांबलं.

प्रश्न जाळ्याचा नव्हता, मामांचा होता. मार्चअखेर ते रिटायर होणार होते. एकोणतीस वर्षांत कॉलेजने त्यांची पाठ एकदाच थोपटली होती, ती या जाळ्यासाठी. कुणी पाहुणा आला की मामा आधी त्याला तेच दाखवायचे. हरेशने एकदा गुपचूप दुकानातली जाळी आणून लावली. मामांनी ती पाहिली, "ही चिंधी कुनी टांगली?" म्हणाले, आणि दहा मिनिटांत स्वतःचं जाळं परत चढवलं. हरेश उभा होता. त्याने खालून शिडी धरली.

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की मी सांगायचं. "तुम्ही कुणालाही बोलता," असं हरेश म्हणाला. ही माझी स्तुती होती असं मी धरून चालले. मी तावातावाने गेले. मामा बदामाच्या झाडाखाली बसून नवं जाळं विणत होते. मला बघून म्हणाले, "म्याडम, औंदा डबल गाठ मारतोय. मी गेल्यावर धा वर्षां कुनाला हात लावाया नको." मी म्हणाले, "छान झालंय हो, मामा." आणि परत आले.

तोंडाने जमलं नाही तेव्हा दुसरी वाट काढली. मामांनी आजवर टीमचा एकही सामना पाहिला नव्हता. टीम बाहेर गेली की फाटकाची ड्युटी त्यांच्याकडे. मी प्राचार्यांकडे जाऊन फाटकाच्या किल्ल्या लायब्ररीत मदतीला असलेल्या मुलीकडे देते म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या सामन्याला मामांना घेऊन ठाण्याला गेले. मामा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले होते. टेम्पोत पोरांच्या मधे बसले होते आणि कशेळी आली तसं प्रत्येकाला आपलं घर दाखवत होते.

सामना सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला दीपेशने बास्केट केलं. मामा ताडकन उठले, दोन पावलं पुढे गेले. चेंडू केव्हाच खाली पडला होता. समोरचे पळाले, बास्केट झालं. मामा उभेच राहिले. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा ते खाली बसले आणि चेंडूकडे बघायचं सोडून पोरांकडे बघायला लागले. पोरं वर बघत होती. मामांचा चेहरा मला बघवेना.

मध्यंतर झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमाला म्हायती व्हतं?"

"हो."

"कवापासनं?"

"आठ दिवस."

"आन् ह्यांना?"

कोर्टच्या कडेला हरेश पाण्याची बाटली उगाच उघडत-बंद करत होता.

"एकोनतीस वर्षां मी पोरांना थांबाया शिकवलं," मामा म्हणाले. आम्ही अकराने हरलो.

दुसऱ्या दिवशी मामा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. मी स्वतः सहालाच पोचले, जे माझ्या बाबतीत कधी घडत नाही. मामा शिडीवर होते. जाळ्याचं खालचं तोंड एकेक गाठ सोडवून मोकळं करत होते. खाली पोरं पकडलेल्या चोरांसारखी उभी. दीपेश म्हणाला, "मामा, राहू द्या ना. आमी पळू, बघा." मामा वरूनच गरजले, "गप रे! मना आता दया नको दावू!" मग त्यांनी चेंडू मागितला, वरून आत टाकला. तो सरळ खाली पडला. पाचही पोरं बघत उभी राहिली. "बघताव काय? पला!"

पुढचे बारा दिवस मला खिडकी बंद ठेवावी लागली. बास्केट झालं की मामा रिंगखालून चेंडू उचलून समोरच्यांच्या हातात कोंबायचे आणि जो वर बघत थांबला त्याच्या पोटऱ्यांना बांबूचं टोक लावायचे. शिव्या खाडीवरच्या होत्या; अर्ध्या मला कळल्या नाहीत, कळल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. हरेशने शिकवायचं ते शिकवलंच, पण पोरं पळाली ती मामांच्या भीतीने.

चौथा सामना तीन गुणांनी गेला. हरून आलेली पोरं टेम्पोत गाणी म्हणत होती, यावरून काय ते ओळखा. पाचव्यात शेवटची वीस सेकंद उरली आणि समोरच्यांनी बास्केट करून एका गुणाची आघाडी घेतली. ते एकमेकांना मिठ्या मारायला लागले. आमच्यातल्या कुणीही वर पाहिलं नाही. अर्णव नावाच्या बुटक्या पोराने चेंडू उचलला, लांब फेकला, दीपेश तिथे आधीच पोचला होता. जिंकलो. एका गुणाने. साखळीत सहा टीमांत आम्ही पाचवे आलो, पण मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाकावर चढून ओरडले, आणि मामा माझ्या शेजारी उभे राहून सरळ रडत होते. मला फार आनंद झाला होता.

निरोप समारंभात आत्ताच्या प्राचार्यांनी भाषण केलं आणि कुणीतरी लिहून दिलेलं वाचलं, "राघोमामांचं मजबूत जाळं कॉलेज कधीच विसरणार नाही." पोरं खाली बघायला लागली. मामांना बोलायला सांगितलं तेव्हा ते माईक न घेताच बोलले, त्यांना त्याची गरजही नव्हती.

"माजं जालं चुकलं व्हतं, साहेब. समद्यांना म्हायती व्हतं. कुनी बोललं न्हाय. तुमी समद्यांनी मना मान दिलाव. तो जरा कमी दिला असता ना, तर ही पोरां वीस वर्षां आधी जिकली असती."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मामांनी कसं बरोबर सगळ्यांचे कान उपटले असं मला वाटलं.

संध्याकाळी ते माझ्याकडे सही घ्यायला आले. रिटायर होणाऱ्याला प्रत्येक विभागाची सही लागते. मी सही केली, कागद पुढे केला. मामा तो घेईनात.

"म्याडम, एक सांगू? रागवाल. पन रागवलाव तरी मी उद्यापासनं न्हाय."

"बोला."

"पोरां तुमाला लय घाबरतात. पुस्तक पायजे असतं, दारापर्यंत येतात, तुमी वर बघितलंव का माघारी जातात. दीपेशनं परीक्षेचं पुस्तक दुसऱ्या पोरीला पाठवून नेलं. कुनी सांगनार न्हाय तुमाला. म्हून मी सांगतो."

एवढं बोलून त्यांनी कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेले.

मला भयंकर राग आला. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. शिस्त आणि धाक यातलं अंतर एका शिपायाने मला शिकवावं? शिवाय माणसं भिऊन असतील तर माझ्याशी हसून बोलतात ती का? तिसऱ्या दिवशी, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून, मी दीपेशला बोलावून घेतलं. तो आला आणि टेबलापासून तीन फुटांवर थांबला.

"दीपेश, खरं सांग. तुम्ही मुलं मला घाबरता का?"

त्याने बुटांकडे बघितलं. मग अतिशय आदराने म्हणाला, "नाही म्याडम. तसं काहीच नाही."